बांगलादेशची धर्मनिरपेक्षता एका दिवसात गेली नाही

ओझर (नाशिक) : १७ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या ओझरच्या एचएएल कारखान्यात तयार झालेल्या ‘तेजस मार्क-१ए’ या लढाऊ विमानाने इथून पहिले उड्डाण केले. आपल्याकडे त्या दिवशी साहजिकच त्याचीच चर्चा होती. त्याच दिवशी ढाक्यात संसद भवनाच्या आवारात ‘जुलै राष्ट्रीय सनद’ या दस्तऐवजावर राजकीय पक्षांच्या सह्या होत होत्या. राज्य कोणत्या तत्त्वांवर चालावे, हेही त्या सनदेत लिहिले आहे: समता, मानवी प्रतिष्ठा, सामाजिक न्याय, धार्मिक स्वातंत्र्य आणि सलोखा. वाचायला सगळे चांगलेच आहे. पण १९७२ च्या संविधानात असलेला एक शब्द या यादीत नाही. तो शब्द म्हणजे ‘धर्मनिरपेक्षता’. बंगाली भाषेतही हाच शब्द आहे, भाषांतराची गरज नाही. काही डाव्या पक्षांनी सनदेवर सही केली नाही. १९७२ ची मूलतत्त्वे वगळली गेली, हा त्यांच्या आक्षेपातला एक मुद्दा होता.

बांगलादेशात काय होते त्याच्याशी ओझरच्या बौद्ध तरुणाचा काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध जुना आहे. १९६४ पासून ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला तो मिग-२१ विमानांसाठी. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या राज्यपाल भवनावर हल्ला चढवला तो याच जातीच्या विमानांनी. पूर्व पाकिस्तानच्या राज्यपालाने तिथेच राजीनामा लिहिला आणि दोन दिवसांत पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. दुसरा संबंध कांद्याचा. निफाड तालुक्यातला लासलगाव-पिंपळगावचा कांदा वर्षानुवर्षे ज्या देशात सर्वात जास्त गेला, तो देश बांगलादेश. आणि तिसरा संबंध धम्माचा. २०२२ च्या जनगणनेनुसार तिथे ९१ टक्के मुस्लिम, सुमारे ८ टक्के हिंदू आणि ०.६१ टक्के बौद्ध आहेत. टक्केवारी लहान दिसते, पण ती सुमारे दहा लाख माणसे आहेत.

म्हणून या देशाने धर्मनिरपेक्षता कशी स्वीकारली आणि कशी सोडत नेली, हे नीट समजून घेतले पाहिजे. व्हॉट्सअॅपवर जे फिरते त्यातून ते समजत नाही.

बाबासाहेब, जोगेंद्रनाथ मंडल आणि पूर्व बंगाल

१९४६ मध्ये मुंबई प्रांतातून संविधान सभेत जाण्याचे दरवाजे बाबासाहेबांसाठी बंद होते. तेव्हा त्यांना निवडून दिले बंगालने. त्यासाठी झटले जोगेंद्रनाथ मंडल आणि तिथले अनुसूचित जातींचे नेते. पुढे फाळणी झाली, बंगालमधली ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले.

मंडल मात्र पाकिस्तानात गेले. पूर्व बंगालमधले दलित आणि मुस्लिम दोघेही गरीब शेतकरी, दोघांचे हित एक, असा त्यांचा विचार होता. ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तानच्या संविधान सभेच्या पहिल्या बैठकीचे ते हंगामी अध्यक्ष होते आणि नंतर देशाचे पहिले कायदा व कामगार मंत्री झाले. त्याच बैठकीत जिनांनी सांगितले होते की, नागरिकाच्या धर्माशी राज्याला देणेघेणे नसेल. दोन वर्षेही झाली नाहीत आणि मार्च १९४९ मध्ये पाकिस्तानने उद्दिष्टांचा ठराव करून राज्याचा पाया धर्मावर ठेवला. १९५० मध्ये पूर्व बंगालमध्ये दंगली झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंडल यांनी राजीनामा दिला आणि ते भारतात परतले. नेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबून राहिलेल्या समाजाचे काय होते, ते मंडल यांच्या आयुष्यात दिसते.

१९७२ चे संविधान

पाकिस्तानात धर्म एक असूनही बंगाली माणसाला बरोबरीची वागणूक मिळाली नाही. भाषा नाकारली गेली, ताग विकून आलेला पैसा पश्चिमेकडे गेला, १९७० ची निवडणूक जिंकूनही सत्ता मिळाली नाही. म्हणून स्वतंत्र झालेल्या बांगलादेशने १९७२ च्या संविधानात राष्ट्रवाद, समाजवाद, लोकशाही आणि धर्मनिरपेक्षता ही चार मूलतत्त्वे घातली. आपल्या उद्देशिकेत हा शब्द आला तो १९७६ मध्ये, ४२ व्या दुरुस्तीने. म्हणजे त्यांच्यानंतर चार वर्षांनी.

तिथल्या कलम १२ मध्ये या शब्दाचा अर्थही सांगितला होता: जातीयवाद संपवणे, कोणत्याही धर्माला राजकीय दर्जा न देणे, राजकारणासाठी धर्माचा वापर रोखणे आणि धर्मावरून कोणाला वेगळी वागणूक न देणे. धर्माच्या नावाने राजकीय पक्ष काढायलाही बंदी होती.

मात्र याच संविधानाने सगळ्या नागरिकांना ‘बंगाली’ ठरवले. चितगाव डोंगरी भागातल्या चकमा, मार्मा अशा जमाती बंगाली नाहीत, त्यातले बहुसंख्य बौद्ध आहेत. त्यांचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लारमा यांनी संसदेत याला विरोध केला. त्यांचे कोणी ऐकले नाही.

दुष्काळ, एकपक्षीय राजवट आणि आखातातला पैसा

युद्धाने देश मोडला होता. १९७३ मध्ये जगभर तेल महागले. १९७४ मध्ये पूर आला आणि दुष्काळ पडला. क्युबाला तागाची पोती विकली या कारणावरून अमेरिकेने ऐन गरजेच्या वेळी धान्याची मदत अडवून धरली. सरकारी आकडाच सुमारे २७ हजार मृत्यूंचा होता. अभ्यासकांचे अंदाज त्याच्या कितीतरी पट आहेत.

मदत मिळवायची तर मित्र हवेत. फेब्रुवारी १९७४ मध्ये शेख मुजीब लाहोरच्या इस्लामी देशांच्या परिषदेला गेले आणि त्याच वेळी पाकिस्तानने बांगलादेशला मान्यता दिली. जानेवारी १९७५ मध्ये मुजीब यांनी संविधान बदलून देशात एकच पक्ष ठेवला. १५ ऑगस्ट १९७५ ला त्यांची आणि त्यांच्या कुटुंबाची हत्या झाली. सौदी अरेबियाने बांगलादेशला मान्यता दिली ती दुसऱ्या दिवशी. चीनने त्याच महिन्याच्या शेवटी.

नंतर सत्तेवर आलेले जनरल झियाउर रहमान निवडून आलेले नव्हते. लोकांनी आपल्याला का मानावे, याचे उत्तर त्यांना हवे होते. १९७७ मध्ये लष्करी कायद्याच्या हुकमाने त्यांनी संविधानातून धर्मनिरपेक्षता काढली, तिच्या जागी अल्लावरील पूर्ण श्रद्धा आणली, कलम १२ वगळले. मुस्लिम देशांशी इस्लामी ऐक्यावर आधारलेले संबंध ठेवण्याचे कलम परराष्ट्र धोरणात घातले. धार्मिक पक्षांवरची बंदीही उठली. याच सुमारास, १९७६ पासून, बांगलादेशी मजूर मोठ्या संख्येने आखातात जाऊ लागले. बाहेर गेलेल्या कामगारांनी २०२४-२५ या आर्थिक वर्षात पाठवलेला पैसा ३० अब्ज डॉलरवर गेला. त्यातला मोठा वाटा आजही आखातातूनच येतो. संविधानातला बदल आणि घराघरात येणारी मनीऑर्डर या दोन गोष्टी एकाच काळात सुरू झाल्या, हे लक्षात ठेवा.

दुसरे हुकूमशहा जनरल इर्शाद. मार्च १९८८ च्या निवडणुकीवर मुख्य विरोधी पक्षांनी बहिष्कार टाकला होता. रस्त्यावर आंदोलन पेटले होते. जूनमध्ये इर्शाद यांनी आठवी दुरुस्ती करून इस्लामला राजधर्म केले. त्या निर्णयाच्या विरोधात हिंदू, बौद्ध आणि ख्रिश्चन यांनी मिळून ऐक्य परिषद स्थापन केली. ती आजही काम करते. १९९० च्या शेवटी इर्शाद गेले. त्यांनी आणलेला राजधर्म मात्र कोणीच हटवला नाही, खालिदा झियांनीही नाही आणि शेख हसीनांनीही नाही.

धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्यांनी काय केले?

न्यायालयाने झियांची दुरुस्ती बेकायदा ठरवली आणि २०११ मध्ये हसीना सरकारने पंधराव्या दुरुस्तीने ‘धर्मनिरपेक्षता’ संविधानात परत आणली. पण राजधर्म इस्लामही तिथेच राहिला. एकाच संविधानात दोन्ही.

पुढचे व्यवहार बघा. २०१३ मध्ये हिफाजत-ए-इस्लामने ढाक्यात प्रचंड शक्तिप्रदर्शन केले. सरकारने आधी ते दडपले, मग हळूहळू त्यांच्याशीच जुळवून घेतले. २०१७ च्या शालेय पुस्तकांतून बिगरमुस्लिम लेखकांचे काही धडे गेले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयासमोरचा न्यायदेवतेचा पुतळा त्यांच्या मागणीमुळे जागेवरून हलवला गेला. २०१८ मध्ये कौमी मदरशांच्या पदवीला पदव्युत्तर दर्जा मिळाला आणि त्या मदरशांच्या मेळाव्यात हसीना यांना ‘कौमी जननी’ हा किताब दिला गेला.

बौद्धांवरचा अलीकडचा सर्वात मोठा हल्लाही याच काळातला. २९ सप्टेंबर २०१२ च्या रात्री कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या रामू इथे फेसबुकवरच्या एका छायाचित्राचे निमित्त करून जमावाने डझनभर विहार आणि पन्नासच्या आसपास घरे जाळली. शेकडो वर्षांच्या मूर्ती आणि ताडपत्रांवरचे ग्रंथ जळाले. संविधानात ‘धर्मनिरपेक्षता’ शब्द परत येऊन तेव्हा वर्ष होऊन गेले होते.

२०२४: महागाई, नोकरी आणि आरक्षण

आता अलीकडचे. कोविडनंतर आणि युक्रेन युद्धानंतर इंधन महागले. ऑगस्ट २०२१ मध्ये बांगलादेशकडे सुमारे ४८ अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी होती. २०२४ च्या मध्यापर्यंत ती निम्म्याहून खाली आली. जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ४.७ अब्ज डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. महागाई ९ टक्क्यांच्या वर राहिली. शिकलेल्या तरुणांना काम नव्हते. २०१४, २०१८ आणि जानेवारी २०२४ या तिन्ही निवडणुकांवर लोकांचा विश्वास नव्हता.

अशा वेळी ५ जून २०२४ ला उच्च न्यायालयाने स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचे ३० टक्के आरक्षण पुन्हा लागू केले. ते सत्ताधारी पक्षाच्या माणसांना मिळते, अशी तरुणांची भावना होती. आंदोलन पेटले, सरकारने गोळ्या चालवल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अहवालानुसार त्या काही आठवड्यांत सुमारे १४०० माणसे मारली गेली असावीत. ५ ऑगस्टला हसीना भारतात आल्या.

इथे आंबेडकरी तरुणांनी एक तपशील नोंदवून ठेवावा. २०१८ पर्यंत तिथे एकूण ५६ टक्के आरक्षण होते: स्वातंत्र्यसैनिकांचे वारस ३०, महिला १०, मागास जिल्हे १०, आदिवासी ५ आणि अपंग १. राग होता त्या ३० टक्क्यांवर. पण २१ जुलै २०२४ च्या निकालात ‘गुणवत्ता’ ९३ टक्के झाली. महिला आणि मागास जिल्ह्यांचा वाटा संपला आणि चकमा-मार्मा अशा जमातींचा वाटा ५ वरून १ टक्क्यावर आला. सत्तेच्या जवळच्यांना दिलेली खिरापत आणि शोषितांना दिलेले प्रतिनिधित्व यातला फरक कोणी समजावून सांगितला नाही. डोंगरातली बौद्ध मुले त्या गर्दीत चिरडली गेली.

शब्द जाण्याची वेळ

हसीना गेल्या आणि त्यांच्या नावाशी जोडलेले सगळेच लोकांना नकोसे झाले. धर्मनिरपेक्षता त्यातच गेली. जमात-ए-इस्लामीवरची बंदी ऑगस्टअखेर उठली. नोव्हेंबर २०२४ मध्ये देशाच्या महाधिवक्त्यांनी न्यायालयात सांगितले की, ९० टक्के लोक मुस्लिम असलेल्या देशात हा शब्द नको. १५ जानेवारी २०२५ ला संविधान सुधारणा आयोगाने तो काढून ‘बहुत्ववाद’ हा शब्द घालावा, अशी शिफारस केली. राजधर्म मात्र कायम ठेवायचा होता. ऑक्टोबरच्या सनदेत ‘बहुत्ववाद’ही उरला नाही.

त्याच नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे उद्देशिकेतून ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘समाजवादी’ हे शब्द काढण्याची मागणी होती. २५ नोव्हेंबरला न्यायालयाने ती फेटाळली. मागणी तिकडेही आहे आणि इकडेही आहे, एवढे ध्यानात असू द्या.

दरम्यान दोन्ही देशांचे संबंध बिघडत गेले. भारताने व्हिसा जवळपास थांबवले. डिसेंबर २०२४ मध्ये आगरतळ्यात बांगलादेशच्या कार्यालयावर जमाव चालून गेला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी मालाला आपल्या बंदर-विमानतळांवरून परदेशी जाण्याची दिलेली सवलत काढली. त्यांनी जमिनीवरच्या नाक्यांतून आपले सूत घेणे थांबवले. मे महिन्यात आपण त्या नाक्यांतून त्यांचे तयार कपडे अडवले. कांद्याचा खेळ तर त्याआधीपासून चालू आहे. २०१९, २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या सरकारने निर्यातबंदी केली. दर वेळी ढाक्यात कांदा महागला आणि लासलगावला शेतकऱ्याचा भाव पडला. भरवसा उडालेल्या गिऱ्हाइकाने स्वतःच जास्त कांदा पिकवायला घेतला. अशा प्रत्येक तणावात तिथल्या कट्टर गटांना ‘भारत विरुद्ध इस्लाम’ म्हणायला आयते निमित्त मिळते, आणि तिथला हिंदू-बौद्ध ‘भारताचा माणूस’ ठरतो.

बौद्धांच्या वाट्याला काय आले?

चितगावचे बरुआ बौद्ध, डोंगरातले चकमा-मार्मा आणि शेजारचा आराकान हा एकच जुना धम्मप्रदेश आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महास्थवीर मूळचे आराकानचेच. पाकिस्तानी काळात कप्ताई धरणाने इथली सुमारे ४० टक्के शेतजमीन बुडवली आणि एक लाखाच्या आसपास माणसे, बहुतेक चकमा, विस्थापित झाली. झियांच्या काळात मैदानी भागातली कुटुंबे आणून डोंगरात वसवली. २ डिसेंबर १९९७ ला शांतता करार झाला, पण जमिनीचा प्रश्न सुटला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये खागराछडी आणि रांगामाटीत पुन्हा हिंसाचार झाला, विहारांवरही हल्ले झाले. सुरक्षिततेची खात्री नाही म्हणून त्या वर्षी डोंगरी भागातल्या भिक्खू संघाने कठिन चीवरदानाचा सोहळा न करण्याचे जाहीर केले. आपल्याकडे वर्षावास संपून चीवरदान होते तेव्हा विहारात किती गर्दी असते ते आठवा, मग या निर्णयाचे वजन कळेल.

हा एकाच धर्माचा रोग आहे का?

हे वाचून कोणी म्हणेल, मुस्लिम बहुसंख्य झाले की असेच होते. मग शेजारच्या म्यानमारकडे पाहा. १९६१ मध्ये ऊ नू यांच्या सरकारने बौद्ध धर्माला राजधर्म केले. पुढच्या वर्षी लष्कराने सत्ता घेतली. २०१७ मध्ये त्याच देशातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुस्लिम जीव घेऊन पळाले आणि बांगलादेशच्या कॉक्स बाजारमध्ये आले. रामूचे जळालेले विहार त्याच जिल्ह्यात आहेत. चीवर घातलेले काही भिक्खू तिकडे द्वेषाची भाषणे करत होते, हेही आपण मान्य केले पाहिजे. श्रीलंकेने १९७२ च्या संविधानात बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. तमिळांशी असलेला दुरावा वाढण्याच्या कारणांत तेही एक होते.

बहुसंख्याकांचा धर्म राज्याच्या खुर्चीवर बसला की अल्पसंख्याकाचे हाल होतात, मग तो धर्म कोणताही असो. म्हणून ओझर-नाशिकच्या बांधकामावर बांगला बोलणारा मजूर दिसला की त्याला ‘बांगलादेशी’ म्हणून हिणवणाऱ्यांत आपण नसावे. तो मुर्शिदाबादचा भारतीय नागरिकही असू शकतो.

आपण काय शिकायचे?

एक तर, धर्मनिरपेक्षता कधीच एकटी जात नाही. आधी निवडणूक जाते, मग न्यायालयाची स्वायत्तता जाते, वर्तमानपत्र गप्प होते. बांगलादेशात मुजीब आणि हसीना दोघांनीही धर्मनिरपेक्षतेचे नाव घेत लोकशाहीचा गळा आवळला. त्यामुळे ती एका पक्षाची, एका घराण्याची वस्तू झाली. ते घराणे पडल्यावर तिच्यासाठी रस्त्यावर उतरायला फारसे कोणी उरले नाही.

दुसरे, उद्देशिकेतला शब्द पुरेसा नसतो. नोव्हेंबर १९४८ मध्ये के. टी. शहा यांनी संविधानात ‘सेक्युलर’ आणि ‘सोशलिस्ट’ हे शब्द घालण्याची दुरुस्ती आणली तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारली नव्हती. पण त्यांनी कलम १४ ते १७ मध्ये समता आणि अस्पृश्यतेचा अंत लिहिला, २५ ते २८ मध्ये धर्मस्वातंत्र्य लिहिले. संविधान राबवणारी माणसे वाईट निघाली तर चांगले संविधानही वाईट ठरते, हा इशाराही त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला दिला.

आणि तिसरे, पोट रिकामे असले की धर्माचा बाजार तेजीत येतो. काळाराम मंदिराच्या दारात १९३० मध्ये सत्याग्रह झाला तो याच जिल्ह्यात. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणाही याच जिल्ह्यातली. त्या पिढीने धर्माचा प्रश्न आणि माणसाच्या हक्काचा प्रश्न वेगळा मानला नाही. आपणही २६ नोव्हेंबरला उद्देशिका वाचून घरी जाण्यापेक्षा शिष्यवृत्ती, रिक्त जागांची भरती, कंत्राटी कामगार आणि कांद्याचा भाव या प्रश्नांवर वर्षभर लोकांबरोबर उभे राहिले पाहिजे. ज्या माणसाला संविधानाने काही दिल्याचा अनुभव असतो, तोच ते वाचवायला येतो. ढाक्यात तो माणूस आला नाही. ओझरमध्ये तो यावा, यासाठी आजपासून काम करावे लागेल.

जय भीम. जय संविधान.